संगणकाची गुणपत्रिका : वाचावी कशी, सुधारावी कशी

कर्जाच्या अर्जासोबत पतगुणांकाची चौकशी होते, ही गोष्ट बँकेच्या ग्राहकांना आता नवी राहिलेली नाही. ३०० ते ९०० या मर्यादेतील तो एक आकडा ग्राहकाच्या अनेक वर्षांच्या आर्थिक शिस्तीचा सारांश सांगून जातो. असाच एक आकडा घरोघरच्या संगणकांतही बसविलेला होता, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात आले. संगणक स्वतःच स्वतःची परीक्षा घेतो, स्वतःच गुण देतो आणि तो निकाल पडद्यावर मांडतो, अशी ही व्यवस्था होती. तिचे नाव ‘विंडोज एक्स्पिरियन्स इंडेक्स’. मराठीत तिला ‘कार्यक्षमता गुणांक’ म्हणता येईल.

ज्यांच्या ध्यानात हा आकडा आला, त्यांच्यापैकी अनेकांना त्याने कोड्यातच टाकले. कुणाच्या संगणकावर गुणांकाच्या जागी आकडाच उमटत नसे. कुणाची चाचणी अर्ध्यावर थांबत असे. कुणी हजारो रुपये खर्चून नवा भाग बसवावा आणि आकडा मात्र जागचा हलू नये, असेही घडे. हा आकडा नीट समजून न घेता केलेला खर्च पुष्कळदा वाया जातो. त्याहून गंभीर गोष्ट ही की, ‘तुमच्या संगणकाचे गुण कमी आहेत’ एवढ्या एका वाक्यावर भोळ्या माणसाला घाबरवून त्याच्या खात्यापर्यंत पोहोचणारेही समाजात आहेत. म्हणूनच ही गुणपत्रिका वाचण्याची रीत संगणकतज्ज्ञांपुरती न राहता सामान्य ग्राहकालाही ठाऊक असणे हिताचे आहे.

गुणांकाचा जन्म

मायक्रोसॉफ्ट कंपनीने ३० जानेवारी २००७ रोजी विंडोज व्हिस्टा ही कार्यप्रणाली सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आणली. तिची पारदर्शक चौकटींची सजावट डोळ्यांना सुखावणारी होती. पण ती पेलण्याची ताकद त्या वेळच्या प्रत्येक संगणकात नव्हती. कोणता संगणक ही सजावट पेलेल आणि कोणत्या संगणकावर ती बंद ठेवावी, हे ठरविण्यासाठी कार्यप्रणालीलाच काहीतरी मोजमाप हवे होते. ते काम ‘विनसॅट’ नावाच्या छोट्या अंगभूत कार्यक्रमाकडे सोपविण्यात आले. ग्राहकाला दिसणारा गुणांक हा त्या मोजमापाचा दर्शनी चेहरा होय.

यामागे आणखी एक हेतू होता. दुकानात मांडलेल्या सॉफ्टवेअरच्या खोक्यावर ‘यासाठी अमुक गुणांक हवा’ असे छापले जावे, म्हणजे प्रोसेसर, स्मृती, ग्राफिक्स अशा क्लिष्ट शब्दांत न शिरता ग्राहकाला आपल्या संगणकाचा आकडा पाहून खरेदी करता यावी, अशी ही कल्पना होती. व्हिस्टाच्या खेळांच्या कप्प्यात प्रत्येक खेळासमोर आवश्यक गुणांक आणि शिफारस केलेला गुणांक दाखविण्याची सोयही होती. बाजारात मात्र ही प्रथा फारशी रुजली नाही.

व्हिस्टामध्ये गुणांकाची मर्यादा १.० ते ५.९ अशी होती. २२ ऑक्टोबर २००९ रोजी आलेल्या विंडोज ७ मध्ये वरची मर्यादा ७.९ झाली आणि २६ ऑक्टोबर २०१२ रोजी आलेल्या विंडोज ८ मध्ये ती ९.९ पर्यंत गेली. नवी, अधिक वेगवान यंत्रे बाजारात आली की जुन्यांचे गुण कापायचे नाहीत, त्याऐवजी मोजपट्टीच वरच्या बाजूने वाढवायची, असे धोरण होते. त्यामुळे संगणक जुना झाला म्हणून त्याचा गुणांक दरवर्षी आपोआप उतरत नाही. आकडा उतरला असेल, तर त्यामागे काही निश्चित कारण असते आणि ते शोधता येते. दुरुस्तीच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे.

पाच विषयांची परीक्षा

शाळेच्या गुणपत्रिकेत विषयवार गुण असतात, तसे येथेही पाच विषय आहेत. पहिला प्रोसेसर, एका सेकंदात तो किती आकडेमोड करतो, हे पाहिले जाते. दुसरा विषय स्मृती, म्हणजेच रॅम. तिच्यातून माहितीची ने-आण किती वेगाने होते, हे मोजले जाते. तिसरा विषय पडद्यावरील चौकटींच्या सजावटीपुरते ग्राफिक्स. चौथा विषय खेळ आणि त्रिमितीय चित्रे यांसाठी लागणारे ग्राफिक्स. पाचवा विषय मुख्य हार्ड डिस्क. तिच्यावरून माहिती किती वेगाने वाचली जाते, हे येथे तपासले जाते.

स्मृतीच्या गुणांत वेगाबरोबरच आकारमानालाही स्थान होते. स्मृती कितीही वेगवान असली, तरी ती पुरेशी नसेल तर विशिष्ट मर्यादेपलीकडे गुण मिळत नसत. व्हिस्टामध्ये दीड गीगाबाइटपर्यंत स्मृती असलेल्या संगणकाला त्या विषयात ४.५ च्या वर जाता येत नसे. हुशार विद्यार्थ्यालाही हजेरी कमी असल्यास परीक्षेला बसता येत नाही, त्यातलाच हा प्रकार होता.

सर्वांत कमी गुण हाच निकाल

पतगुणांक आणि हा कार्यक्षमता गुणांक यांत एक मूलभूत फरक आहे. पतगुणांक अनेक बाबींचा मेळ घालून काढला जातो. संगणकाच्या गुणपत्रिकेत बेरीज नाही, सरासरीही नाही. पाच विषयांपैकी ज्यात सर्वांत कमी गुण, तोच एकूण गुणांक. जोडीतला एक बैल मंद असला की गाडी त्याच्याच चालीने चालते, हा शेतकऱ्याचा रोजचा अनुभव आहे. चार विषयांत ७.० आणि एकात ३.४ असेल, तर पडद्यावर ठळक अक्षरांत ३.४ हाच आकडा झळकतो.

हा नियम ध्यानात न घेतल्यामुळे सर्वांत जास्त गैरसमज झाले. समजा, एका निवृत्त शिक्षकांकडे विंडोज ७ चा संगणक आहे. त्याची गुणपत्रिका अशी : प्रोसेसर ६.४, स्मृती ५.५, सजावटीचे ग्राफिक्स ४.१, खेळांचे ग्राफिक्स ४.८, हार्ड डिस्क ५.९. एकूण गुणांक अर्थातच ४.१. संगणकावर पत्रे लिहिणे, नातवंडांची छायाचित्रे पाहणे आणि निवृत्तिवेतनाचा हिशेब ठेवणे एवढेच काम होते. अनेक कार्यक्रम एकाच वेळी उघडले की संगणक रेंगाळतो, एवढीच त्यांची तक्रार आहे.

अशा वेळी दुकानदाराने केवळ एकूण आकडा पाहून नवे ग्राफिक्स कार्ड बसविण्याचा सल्ला दिला, तर गुणांक ४.१ वरून ५.५ वर जाईल आणि सल्ला योग्य होता असे वाटेल. परंतु पत्रलेखन किंवा हिशेब यांत तसूभरही फरक पडणार नाही, कारण त्या कामात ग्राफिक्सचा वाटा नगण्य आहे. याउलट दोन गीगाबाइटच्या जागी चार गीगाबाइट स्मृती बसविली, तर तक्रार बहुधा दूर होईल. एकूण गुणांक मात्र ४.१ वरच राहील, कारण सर्वांत कमी गुणांचा विषय तोच राहिला. आकडा हलला नाही म्हणून पैसे वाया गेले असे नव्हे आणि आकडा वाढला म्हणून पैशाचे चीज झाले असेही नव्हे. प्रथम आपले काम कोणते ते ठरवावे, मग त्या कामाशी संबंधित विषयाचे गुण पाहावेत. बँकेत कर्जाचा प्रकार ठरल्याशिवाय हप्त्याचा विचार करीत नाहीत, तसेच हे आहे.

विंडोज ७ च्या काळात अनेक जण ५.९ या आकड्यापाशी अडकत. प्रोसेसर आणि स्मृतीचे गुण ७.० च्या पुढे असूनही एकूण गुणांक ५.९ वर थांबे. यात बिघाड काहीच नव्हता. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला त्या मोजपट्टीवर ५.९ च्या वर गुण मिळतच नसत. वरचे गुण हलते भाग नसलेल्या सॉलिड स्टेट डिस्कसाठी, म्हणजे एसएसडीसाठी राखलेले होते. तरीही सर्वच एसएसडींना वरचे गुण मिळाले असे नाही. छोट्या छोट्या नोंदी सतत लिहिण्याच्या चाचणीत ज्या सुरुवातीच्या एसएसडी दीर्घकाळ अडखळत, त्यांचे गुण मुद्दामच ३.० किंवा त्याखाली रोखले जात.

निकाल लागतच नाही तेव्हा

पुष्कळ संगणकांत गुणांकाच्या जागी ‘अनरेटेड’ असा शब्द दिसे, किंवा गुणांक नव्याने काढण्याची सूचना येई. नवा भाग बसविल्यावर किंवा ड्रायव्हर बदलल्यावर अशी सूचना येणे स्वाभाविक आहे. विषय बदलला म्हणजे परीक्षाही नव्याने घ्यावी लागते. विंडोज ७ मध्ये ‘कॉम्प्युटर’ या चिन्हावर माउसची उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ निवडले की गुणांकाचा दुवा दिसतो. तेथे ‘री-रन द असेसमेंट’ निवडल्यास काही मिनिटांत नवा निकाल मिळतो. चाचणी चालू असताना पडदा मधूनच लुकलुकतो. ते अपेक्षितच असते; त्याने घाबरून संगणक बंद करू नये.

चाचणी सुरूच होत नसेल किंवा मध्येच थांबत असेल, तर पुढील क्रमाने शोध घ्यावा. सोप्या आणि बिनखर्चाच्या गोष्टी आधी, अवघड गोष्टी नंतर, हा दुरुस्तीचा साधा नियम येथेही लागू पडतो.

पहिली गोष्ट वीज. लॅपटॉप बॅटरीवर चालत असताना ही चाचणी होत नाही. बॅटरीवर असताना संगणक वीज वाचविण्यासाठी स्वतःचा वेग कमी करतो, त्यामुळे त्या स्थितीतील गुण खरे नसतात. चार्जर जोडावा, तो खरोखर चालू आहे याची खात्री करावी आणि मगच चाचणी सुरू करावी.

दुसरी गोष्ट अधिकार. ही चाचणी प्रशासकाच्या, म्हणजे अॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून घ्यावी लागते. तसेच दूरच्या संगणकावरून ‘रिमोट डेस्कटॉप’द्वारे जोडणी केली असेल, तर चाचणी होत नाही, ती त्या संगणकासमोर बसूनच घ्यावी. एका संगणकाच्या पोटात चालविलेल्या आभासी संगणकातही ती बहुधा अडते, कारण तेथे ग्राफिक्सचा भाग खराखुरा नसतो.

तिसरी गोष्ट ग्राफिक्सचा ड्रायव्हर. चाचणीतील पाचांपैकी दोन विषय ग्राफिक्सचे असल्यामुळे अपयशाचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते. संगणक किंवा ग्राफिक्स कार्ड बनविणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून योग्य ड्रायव्हर घ्यावा. पडद्याची प्रतिकृती दुसरीकडे पाठविणारे कार्यक्रम स्वतःचा वेगळा चित्र-ड्रायव्हर बसवितात. तोही चाचणीत अडथळा आणतो. असा कार्यक्रम तात्पुरता काढून पाहावा.

चौथी गोष्ट चित्रफिती. विनसॅट आपल्या चाचणीत काही छोट्या चित्रफिती चालवून पाहतो. नाना प्रकारचे चित्रपट पाहता यावेत म्हणून काही जण इंटरनेटवरून ‘कोडेक पॅक’ उतरवून घेतात. असे संच कार्यप्रणालीच्या मूळ व्यवस्थेत ढवळाढवळ करतात आणि चाचणी तेथेच कोसळते. कधी साफसफाई करणाऱ्या एखाद्या कार्यक्रमाने, अथवा जागा मोकळी करण्याच्या भरात खुद्द मालकानेच, त्या चित्रफिती पुसून टाकलेल्या असतात. कोडेक पॅक काढून टाकणे आणि हरवलेल्या फाइल्स पूर्ववत करणे हा यावरचा उपाय होय. कार्यप्रणालीच्या फाइल्स तपासून दुरुस्त करणारी ‘एसएफसी स्कॅननाउ’ ही अंगभूत आज्ञा अशा वेळी उपयोगी पडते.

पाचवी गोष्ट जुने निकाल. प्रत्येक चाचणीचा निकाल विंडोजच्या फोल्डरमधील ‘परफॉर्मन्स’, त्यातील ‘विनसॅट’ आणि त्यातील ‘डेटास्टोअर’ या कप्प्यात एक्सएमएल प्रकारच्या फाइलीत साठविला जातो. ही फाइल खराब झाली, की नवा निकाल दाखविण्यातही अडचण येते. त्या फाइल्स सरसकट पुसण्याऐवजी दुसऱ्या एखाद्या फोल्डरमध्ये हलवाव्यात आणि चाचणी पुन्हा घ्यावी. संगणक नव्या फाइल्स तयार करतो. काही बिघडलेच, तर जुन्या फाइल्स हाताशी राहतात. शेजारीच विनसॅटची नोंदवही, म्हणजे लॉग फाइल असते. चाचणी नेमकी कोणत्या टप्प्यावर थांबली, हे तिच्यातील शेवटच्या ओळींवरून कळते. जाणकाराला दाखविण्यासाठी ती फार उपयुक्त असते.

एवढे करूनही चाचणीच्या मध्येच संगणक बंद पडत असेल किंवा पुन्हा सुरू होत असेल, तर दोष गुणांकात नाही. चाचणीने तो फक्त उघडकीस आणला आहे. चाचणी प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांच्याकडून काही काळ पूर्ण ताकदीने काम करून घेते. पंख्यात साठलेली धूळ, वाढलेली उष्णता, कमजोर झालेला वीजपुरवठ्याचा भाग किंवा सदोष रॅम या गोष्टी अशा वेळी डोके वर काढतात. विशेषतः उन्हाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या संगणकाच्या बाबतीत धूळ काढणे आणि हवा खेळती ठेवणे, एवढ्यानेच पुष्कळदा काम भागते.

गुण अचानक घसरतात तेव्हा

गुणांक अगोदर चांगला होता आणि भाग न बदलताही तो उतरला, तर विषयवार गुण शेजारी शेजारी लिहून काढावेत. कोणता विषय घसरला यावरून कारणाची दिशा मिळते. शाखेत ताळेबंद जुळत नसला की सर्व खाती उलगडीत न बसता कोणत्या खात्यात फरक आहे, तेथूनच शोध सुरू होतो. येथेही तीच पद्धत उपयोगी पडते.

सर्वच गुण थोडे थोडे कमी झाले असतील, तर चाचणीच्या वेळी मागे दुसरे काम चालू होते काय, हे पाहावे. व्हायरसची तपासणी, मोठी फाइल उतरविणे किंवा वीजबचतीची योजना ही याची नेहमीची कारणे होत. सर्व कार्यक्रम बंद करून, संगणक पुन्हा सुरू करून, काही मिनिटे थांबून चाचणी पुन्हा घ्यावी.

केवळ ग्राफिक्सचे गुण १.० पर्यंत कोसळले असतील, तर मूळ ड्रायव्हर निघून जाऊन त्या जागी सर्वसाधारण ड्रायव्हर आला आहे, असे समजण्यास हरकत नाही. कार्यप्रणाली नव्याने बसविल्यानंतर हा प्रकार हमखास आढळतो.

केवळ स्मृतीचे गुण उतरले असतील, तर संगणकाला किती स्मृती दिसते आहे ते ‘प्रॉपर्टीज’मध्ये पाहावे. दोनपैकी एक रॅम सैल झाली असण्याची शक्यता असते. ३२ बिटची कार्यप्रणाली असलेल्या संगणकात चार गीगाबाइट बसवूनही सगळी स्मृती वापरात येत नाही. तो बिघाड नसून त्या प्रणालीची मर्यादा आहे.

हार्ड डिस्कचे गुण उतरणे ही मात्र गांभीर्याने घेण्याची गोष्ट आहे. डिस्कवरील माहिती वाचताना वारंवार चुका होऊ लागल्या, की कार्यप्रणाली सावधगिरी म्हणून ‘पीआयओ’ नावाच्या जुन्या, संथ पद्धतीवर उतरते. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये डिस्कच्या वाहिनीसमोर कोणती पद्धत चालू आहे, ते पाहता येते. तेथे ‘अल्ट्रा डीएमए’ ऐवजी ‘पीआयओ’ असे दिसले, तर जोडणीची केबल सैल अथवा खराब आहे, किंवा डिस्कच शेवटच्या घटका मोजते आहे, असे समजावे. या टप्प्यावर गुणांक सुधारण्याच्या मागे न लागता प्रथम छायाचित्रे, कागदपत्रे, कराचे विवरण आणि हिशेब यांची दुसऱ्या ठिकाणी प्रत काढून ठेवावी. डिस्क नवी मिळते. गेलेली माहिती परत मिळेलच असे नाही.

डिस्कच्या गुणांवर परिणाम करणारी आणखी एक सोय म्हणजे ‘राइट कॅशिंग’. हिच्यामुळे लिहायची माहिती क्षणभर वेगवान स्मृतीत ठेवून मग डिस्कवर उतरविली जाते. ही सोय बंद असल्यास गुण घसरतात. ती चालू ठेवणे सामान्यतः योग्यच असते. पण वीज वारंवार जाणाऱ्या गावात डेस्कटॉप संगणकाला यूपीएसचा आधार असावा, अन्यथा त्या क्षणभरातील माहिती हरविण्याचा धोका राहतो.

गुण उत्तम, तरी संगणक मंद

कार्यक्षमता गुणांक हा संगणकाच्या यंत्रभागांचा आहे. त्यावर बसविलेल्या कार्यक्रमांची गर्दी, काठोकाठ भरलेली डिस्क किंवा शिरलेला व्हायरस यांचा तो हिशेब ठेवत नाही. घोडा दमदार आहे, एवढेच तो सांगतो. पाठीवर ओझे किती लादले आहे, हे त्याला विचारून कळत नाही. म्हणून गुण चांगले असूनही संगणक रेंगाळत असेल, तर नवा भाग घेण्यापूर्वी संगणक सुरू होताच आपोआप चालू होणारे कार्यक्रम कमी करावेत, एकाहून अधिक अँटिव्हायरस असल्यास एकच ठेवावा आणि डिस्कवर मोकळी जागा करावी.

इंटरनेटचा वेग हाही या गुणपत्रिकेबाहेरचा विषय आहे. बँकेचे संकेतस्थळ उघडण्यास वेळ लागतो, पण संगणकावर साठविलेले पत्र झटकन उघडते, असे असेल तर संगणकाला दोष देण्यात अर्थ नाही, जोडणी तपासावी.

पडद्याआड गेलेला आकडा

१७ ऑक्टोबर २०१३ रोजी आलेल्या विंडोज ८.१ मध्ये गुणांक दाखविणारे पान काढून टाकण्यात आले. आकडा पडद्याआड गेला. चाचणी मात्र राहिली. २०१५ मधील विंडोज १० आणि २०२१ मधील विंडोज ११ या प्रणालींतही विनसॅटची आज्ञा कायम होती. प्रशासकाच्या अधिकाराने ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून इंग्रजी अक्षरांत ‘विनसॅट’ (डब्ल्यू, आय, एन, एस, ए, टी), मग एक जागा सोडून ‘फॉर्मल’ असे लिहिले की संपूर्ण चाचणी होते आणि निकाल पूर्वीच्याच डेटास्टोअर कप्प्यात साठविला जातो. ही फाइल ब्राउझरमध्ये उघडली, की ‘विनएसपीआर’ या मथळ्याखाली पाचही विषयांचे गुण वाचता येतात.

या चाचणीचा आजही एक व्यावहारिक उपयोग आहे. जुन्या संगणकात हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविल्यानंतर काही वेळा कार्यप्रणाली तिला जुन्याच प्रकारची डिस्क समजते. अशा वेळी ही चाचणी पुन्हा घेतल्यास ओळख सुधारण्याची शक्यता असते. केवळ आकडा पाहण्यासाठी अनोळखी संकेतस्थळावरून एखादा कार्यक्रम उतरवून घेण्याचा मोह मात्र टाळावा. जी सोय संगणकात मुळातच आहे, तिच्यासाठी परक्याला घरात घेण्याचे कारण नाही.

बँकेच्या कर्मचाऱ्यांनी शाखेतील संगणकांवर हे प्रयोग करू नयेत, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे. ते संगणक माहिती-तंत्रज्ञान विभागाच्या देखरेखीखाली असतात. तक्रार त्या विभागाकडेच नोंदवावी.

वेगाचे गुण म्हणजे सुरक्षिततेचा दाखला नव्हे

बँकेच्या ग्राहकाने सर्वांत अधिक ध्यानात ठेवावी अशी गोष्ट शेवटी सांगावयाची आहे. हा गुणांक वेग मोजतो, सुरक्षितता मोजत नाही. ज्या प्रणालींमध्ये हा आकडा पडद्यावर दिसत असे, त्या सर्वांचे सुरक्षाविषयक साहाय्य मायक्रोसॉफ्टने केव्हाच थांबविले आहे : व्हिस्टाचे ११ एप्रिल २०१७ रोजी आणि विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी. विंडोज ८ ची सुधारित आवृत्ती असलेल्या ८.१ चेही साहाय्य १० जानेवारी २०२३ रोजी संपले. विंडोज १० चे नियमित साहाय्यही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी समाप्त झाले. त्यानंतरच्या सुरक्षा-सुधारणा वाढीव मुदतीच्या योजनेत नोंदणी करणाऱ्यांपुरत्या राहिल्या. गूगलच्या क्रोम ब्राउझरनेही फेब्रुवारी २०२३ पासूनच्या नव्या आवृत्त्यांत विंडोज ७ आणि ८.१ यांना वगळले. म्हणजेच ७.९ गुणांचा विंडोज ७ चा संगणक आजही वेगवान असू शकतो. परंतु नेट बँकिंगसाठी तो वापरणे म्हणजे कुलूप बिघडलेल्या तिजोरीत दागिने ठेवण्यासारखे आहे. असा संगणक इंटरनेटपासून दूर ठेवून लेखन, संगीत किंवा छायाचित्रे यांसाठी खुशाल वापरावा. आर्थिक व्यवहार मात्र साहाय्य चालू असलेल्या प्रणालीवरूनच करावेत.

दुसरा धोका माणसांचा आहे. ‘संगणक कंपनीकडून बोलतो आहे, तुमच्या संगणकाचे गुण घसरले आहेत, त्यात व्हायरस शिरला आहे’ असे सांगणारा दूरध्वनी येतो. पडद्यावरील एखादी निरुपद्रवी नोंद पुरावा म्हणून दाखविली जाते, दुरुस्तीच्या बहाण्याने संगणकाचा ताबा मागितला जातो आणि शुल्क भरण्यासाठी बँकेचे पान उघडावयास लावले जाते. कोणतीही प्रतिष्ठित कंपनी घरच्या संगणकाचा गुणांक पाहून आपणहून दूरध्वनी करीत नाही. असा दूरध्वनी तत्काळ बंद करावा. ताबा दिला गेलाच असेल, तर प्रथम इंटरनेटची जोडणी तोडावी, दुसऱ्या उपकरणावरून संकेतशब्द बदलावेत, बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे तत्त्व घालून दिले की, ग्राहकाने स्वतःच गोपनीय माहिती दिल्यामुळे झालेले नुकसान बँकेला कळवीपर्यंत ग्राहकाचे असते आणि कळविल्यानंतरचे नुकसान बँकेचे. म्हणून संकोचापायी गेलेला प्रत्येक तास महाग पडतो.

थोडक्यात

१. एकूण गुणांक म्हणजे पाचांपैकी सर्वांत कमी गुण. खर्चाचा निर्णय विषयवार गुण आणि आपले काम पाहून घ्यावा.

२. चाचणीपूर्वी चार्जर जोडावा, सर्व कार्यक्रम बंद करावेत आणि ती संगणकासमोर बसूनच घ्यावी.

३. चाचणी अडल्यास वीज, अधिकार, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, कोडेक पॅक, जुने निकाल या क्रमाने शोध घ्यावा.

४. हार्ड डिस्कचे गुण घसरल्यास आधी माहितीची प्रत काढावी, मग दुरुस्तीचा विचार करावा.

५. विंडोज ७ मधील साध्या हार्ड डिस्कचे ५.९ गुण हा दोष नाही.

६. गुणांक कितीही असला, तरी साहाय्य संपलेल्या प्रणालीवरून बँकेचे व्यवहार करू नयेत.

७. गुणांकाचे भय दाखवून संगणकाचा ताबा मागणाऱ्या कोणालाही तो देऊ नये.